सुईनंतरचा गूळ

श्रावण गुरुजींना जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण चांदूर रेल्वेच्या त्यांच्या अंगणात संध्याकाळी पाचला शाळा भरायचीच. गल्लीतली दहा-बारा पोरं सतरंजीवर बसत, पाढे म्हणत, शुद्धलेखन लिहीत आणि निघताना रांग लावत. गुरुजी प्रत्येकाच्या हातावर मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा ठेवत. रांगेच्या शेवटी बदाम बसे. बदामी रंगाचा गावठी कुत्रा. पिल्लू असताना शाळेच्या मैदानातून गुरुजींच्या सायकलीमागे आला तो घरचाच झाला. त्यालाही एक खडा मिळे.

पोळ्याच्या सुमाराला बदाम फार पाणी पिऊ लागला. बादली रिकामी करायचा आणि पुन्हा बादलीपाशी जाऊन उभा राहायचा. पोटभर खाऊनही त्याच्या फासळ्या दिसू लागल्या. गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर नीलम यांनी त्याच्या कानाला बारीक टोचून थेंबभर रक्त काढलं, मशीनवर आकडा पाहिला आणि म्हणाल्या, "गुरुजी, याले शुगर आहे. माणसाले होते तशीच."

"मले नाई, आमच्या घरच्यांले नाई, अन् याले कुठून आली?"

"वय झालं त्याचं. आता रोज दोन वेळा इन्सुलिन. आधी खाणं, मंग सुई. वेळ तीच, माप तेच. अन् गोड बिलकूल बंद."

वेळ आणि माप हे तर गुरुजींच्या हातचे विषय. त्यांनी शंभर पानी वही केली, रेघा आखल्या. सकाळी साडेसहा, संध्याकाळी साडेसहा. भाकरीचा चुरा, उकडलेलं अंडं, शिजवलेला दुधी भोपळा, सगळं एकाच वाटीनं मोजून. बदामनं वाटी चाटून पुसली की सुई. सकाळी त्याचं डोकं धरायला गुरुजींच्या पत्नी सुंदराबाई असत आणि संध्याकाळी अलीझा. ही शेजारच्या कुलसुमबीची नात, चौथीत शिकणारी. बाकीची पोरं पांगली तरी ती मागे राहायची आणि बदामचे दोन्ही कान हातात धरून त्याला तेराचा पाढा ऐकवायची. सुई टोचली की बदाम एकदा कण्हायचा. गुरुजी लगेच आत जाऊन वहीत आकडा लिहायचे. हातातलं काम संपलं की आधी नोंद, ही त्यांची नोकरीतली सवय होती.

पण शुगर काही उतरेना. सहा युनिटचे आठ झाले, आठाचे अकरा. दर पंधरवड्याला डॉक्टर वही पाहत आणि मान हलवत.

"वही तं एक नंबर आहे तुमची," त्या एकदा म्हणाल्या. "पण याच्या पोटात वहीबाहेरचं काही तरी चाललं आहे. कोणी चोरून देते का?"

ते गुरुजींच्या मनाला लागलं. त्या दिवशी डोस चौदावर गेला. संध्याकाळी रांग संपली, पोरं निघाली. नोंद करून गुरुजी बाहेर आले तर बदाम अलीझाचा तळहात चाटत होता, अगदी मन लावून.

"हात दाखव."

अलीझानं दोन्ही हात पुढे केले. उजवा चिकट होता. गुरुजींनी वाकून वास घेतला. गुळाचाच.

"उद्यापासून येऊ नको."

ते आवाज चढवून बोलले नाहीत. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पोराला 'काय झालं ते सांग' म्हटल्याशिवाय कधी शिक्षा केली नव्हती, आणि त्या दिवशी नेमकं तेच विचारायचं राहिलं. अलीझानं एकदा दाराकडे पाहिलं. दारात सुंदराबाई उभ्या होत्या. मग तिनं दप्तर उचललं आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे अकोल्याहून फोन आला. लेक रश्मीचा पाय मोडला होता. सुंदराबाई सकाळच्या गाडीनं निघाल्या. निघताना त्या बदामजवळ उगाच रेंगाळल्या, काही तरी बोलू का नको असं करत राहिल्या, पण रिक्षा दारात आली होती.

गुरुजींनी वेळ चुकवली नाही. बदामला खांबाला बांधून ते एकटेच सुई देत. वाटी तीच, चौदा युनिट तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला बदाम पाण्याकडे निघाला आणि त्याचे मागचे पाय वळले. उभा राहिला, पुन्हा पडला. मान थरथरू लागली, जबडा आवळला गेला. डोळे उघडे होते, पण गुरुजींना ओळखत नव्हते.

डॉक्टर फोनवर म्हणाल्या, "शुगर खाली गेली त्याची. गूळ आहे घरात? पाण्यात कालवा अन् हिरड्यांले चोळा. तोंडात ओतू नका, ठसका लागीन. मी निघालीच."

गुरुजींनी गुळाचा डबा उघडला. तीन महिने ज्या डब्यापासून बदामला ते हाकलत होते, त्यातलाच खडा त्यांनी वाटीत कुस्करला. ओठ वर करून ते हिरड्यांवर चोळत राहिले आणि तोंडानं काय बोलत होते ते त्यांनाही कळत नव्हतं. बऱ्याच वेळानं त्यांना ऐकू आलं, आपण तेराचा पाढा म्हणतोय.

डॉक्टर आल्या तेव्हा बदामनं मान उचलली होती. त्यांनी रक्त तपासलं, सलाईन लावलं आणि मग गुरुजींना विचारलं, "या तीन दिवसांत काय बदललं?"

"काहीच नाई. वाटी तीच, वेळ तीच. घरचे अकोल्याले गेले, तेवढंच."

बोलता बोलता गुरुजी थांबले. मग त्यांनी फोन हातात घेतला.

अकोल्याला फोन लागला. गुरुजींनी सगळं सांगितलं.

"मीच देत होती," सुंदराबाई म्हणाल्या. "सुई झाली की खडा. दोन्ही टाइम. तुमी आत लिहाले जायचे तवा."

"डॉक्टरनं नाई म्हटलं होतं न?"

"म्हटलं होतं. पण तो कण्हे अन् माह्याकडे पाहे. शाळेत लस टोचाले येत तं तुमी नाई गूळ वाटत होते? डबा मीच भरून देत होती तुमाले. सुई टोचल्यावर लेकराले उपाशी तोंडानं पाठवाचं नाई, हे तुमचंच बोलणं." त्यांचा आवाज बारीक झाला. "त्या पोट्टीनं पाहिलं होतं. मी तिले म्हटलं, गुरुजीले सांगू नको. तुमी तिले काढलं तवाच मी बोलाले पाहिजे होतं. तोंडच उघडलं नाई माह्यं."

गुरुजींना रागवायचं होतं. कोणावर, ते कळेना. अलीझाच्या हाताला लागलेला गूळ त्यांनीच रांगेत तिच्या हातावर ठेवला होता.

ते तसेच शेजारी गेले. कुलसुमबी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. गुरुजींनी उभ्यानंच सांगितलं, चूक माझी झाली, पोरीला परत पाठवा.

"बसा न गुरुजी." कुलसुमबींनी सूप बाजूला सारलं. "पोट्टी दोन दिवस जेवली नाई. मी म्हटलं, बता तो सही, क्या हुआ. एक शबद नाई बोलली. आता तिले स्टेशनाकडच्या मॅडमकडे शिकवणीले लावलं आहे. तुमी बुजुर्ग, तुमाले काय म्हणू? पण जबरदस्ती नाई करत मी तिच्यावर."

गुळामुळे चढवलेला डोस चौदावरून सातावर आला आणि शुगर ठिकाणावर राहू लागली. गुरुजींनी वहीत आणखी एक रकाना आखला, 'इतर', आणि त्यात मागच्या तारखांपुढे स्वतःच्या हातानं 'गूळ' असं लिहून काढलं. पण महिन्याभरात बदामच्या डोळ्यांवर दुधाळ पडदा चढला. इतके दिवस शुगर चढी राहिली त्याचं हे, असं डॉक्टर म्हणाल्या. चांदूरमध्ये काही इलाज नव्हता, आणि त्या वयात ऑपरेशन करा असंही त्यांनी सुचवलं नाही. बदाम भिंतीला अंग घासत चालू लागला. सुंदराबाई अकोल्याहून परत आल्या त्या दिवशी तो त्यांच्या पायांवर आपटला, हुंगून थांबला आणि शेपूट हलवू लागला. त्या तिथंच खाली बसल्या.

एका रविवारी संध्याकाळी फाटक वाजलं. अलीझा होती. दप्तर नव्हतं.

"बदामले दिसत नाई म्हणते दादी. खरं आहे?"

"खरं आहे, बेटा. ये आत."

ती आली नाही. फाटकाबाहेरच थांबून तिनं दोन्ही हात पुढे केले, तळवे वर करून, बोटं फाकवून. बदाम आवाजाच्या दिशेनं धडपडत निघाला होता.

"हात खाली घे," गुरुजी म्हणाले. "पाहाचं नाई मले."

"नाई," अलीझा म्हणाली. "आधी पाहून घ्या."

बदाम फाटकाच्या गजांपाशी पोचला होता. गुरुजी उठले, तिच्यापर्यंत गेले आणि तिचे ते कोरडे हात पाहत उभे राहिले.