रक्तशुद्धीचं मिक्चर

"नाक दाब अन् एका घोटात पिऊन टाक. चव घेत बसू नको."

जानराव कंपौंडरांनी ग्लास पुढे धरला. वच्छलाने नाक दाबलं, ते काळपट तपकिरी पाणी घशाखाली ढकललं आणि तोंड असं काही वाकडं केलं की चुलीपुढे बसलेल्या तिच्या आईने, भागीरथाबाईंनीही, नकळत आपलं तोंड तसंच केलं. औषध पोटात जायचं, पण तांब्याचा जुना पैसा चोखल्यासारखी चव जिभेवर दुपारपर्यंत मुक्काम करायची.

"बाबा, आज तरी राहू द्या न. आज तं आपन अकोल्याले जाऊन राहिलो."

"म्हनूनच घे. अकोल्याच्या नावानं नागा नको पडाले."

बाबांपुढे कोण बोलणार? चिंचखेडच्या दवाखान्यात डॉक्टर यायचे फक्त मंगळवारी, तेही पातूरची एस.टी. वेळेवर निघाली तर. बाकीचे सहा दिवस दवाखाना म्हणजे जानराव. लोक घरून बाटल्या आणायचे. जानराव त्यात मिक्चर भरायचे, कागदाची पट्टी कातरून तिला डोसाच्या खुणा पाडायचे आणि खळीने बाटलीला चिकटवायचे. त्यांच्या आजाला गावच्या विहिरीच्या आसपास फिरकू देत नव्हते. आता त्याच गावातली मोठमोठी माणसं जानरावांसमोर स्टुलावर बसून निमूटपणे 'आ' करायची. गावाने त्यांना परस्पर 'डाक्तर' करून टाकलं होतं. ते पांढरा कोट अंगात घालायचे तेव्हा घरातल्या प्रत्येकाचा कणा आपोआप ताठ व्हायचा, अगदी सहा वर्षांच्या धाकट्याचासुद्धा.

आणि अशा माणसाच्या घरात वच्छलाचं तोंड!

मागच्या पोळ्याला हनुवटीवर एक मुरूम आलं होतं. एकटंच, चार दिवसांच्या पाहुण्यासारखं. दिवाळीपर्यंत त्याचं सगळं गणगोत येऊन राहिलं. गालांवर, कपाळावर, मानेवर टणक गाठी, त्यांत पू, हात लागला की कळ थेट कानात. पातूरच्या शाळेत नववीच्या वर्गात एका पोरीने सगळ्यांसमोर विचारलं, "काय व वच्छले, तोंडावर ज्वारी पेरली काय?" वर्ग हसला. वाईट याचं वाटलं की वच्छलासुद्धा हसली. हसली नसती तर रडली असती. संक्रांतीनंतर तिने पोट दुखायचं निमित्त काढलं आणि शाळा सोडूनच दिली. परीक्षा सव्वा महिन्यावर आली, तरी पोटदुखी काही थांबेना.

जानरावांचं म्हणणं, रक्त खराब झालं. पूर्वीच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी रक्तशुद्धीचं मिक्चर लिहून दिलेला कागद त्यांनी जपून ठेवला होता. आधी सकाळी एक डोस. मुरमं वाढली, तसे दोन. आणखी वाढली, तसे तीन.

"खराबी भायेर येऊन राहिली," ते सांगायचे. "येऊ दे. आतमधी राहिली तं वाईट."

सहा महिने खराबी बाहेर येतच राहिली. इतकी खराबी आपल्यात आली कुठून, हे वच्छलाला कळेना. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ती आपले गुन्हे आठवून पाहायची. फार तर एकदा मावशीच्या घरातून चोरून खाल्लेला गूळ आठवायचा.

घरी कोणी आलं की बाबा हळूच म्हणायचे, "वच्छला, माघच्या खोलीत जाऊन अभ्यास कर." पहिल्यांदा तिला तो अभ्यासच वाटला. मग समजलं. गावाची खरूज, गावाचे गळू बरे करणाऱ्या माणसाला कोणी विचारलं असतं, 'काहो डाक्तर, घरच्याच पोट्टीले गुन नाही?' तर बाबा काय बोलले असते? वच्छलाला आपल्या तोंडाची लाज वाटायचीच. पण बाबांना आपली लाज वाटते याची लाज त्याहून मोठी होती, आणि ती लपवायला घरात आणखी मागची खोली नव्हती.

शेवटी भागीरथाबाईंनी हातातलं उलथनं आपटलं. "तुमी दवाखान्यात काम करता म्हनून काय पोरीनं जलमभर खोलीत बसाव? अकोल्यात बाईडाक्तर हाय म्हंतात. तिले दाखवा. नाही तं मी नेतो, मले रस्ता माहीत नसला तरी बी!"

म्हणून आज ही दोघं एस.टी.त. पातूरला एक ओळखीचा चढला. "काय डाक्तर, इकडं कुठं?"

"कोर्टाचं काम हाय थोडं," जानराव म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. वच्छला नाक पुसत बसली. सर्दी तर हल्ली तिची हटतच नव्हती.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत मोठी खिडकी होती आणि वच्छलाला नेमकं तिच्यापुढेच बसवलं. बाई पन्नाशीच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी विचारलं, "हे कोण?"

"मी बाप हो पोरीचा," जानराव म्हणाले. एवढंच. कंपौंडर असल्याचं सांगितलं नाही. खुर्ची रिकामी होती तरी उभेच राहिले.

बाईंनी वच्छलाची हनुवटी बोटांनी उचलली. घाण वाटल्यासारखी नाही, आंबा पिकला का बघतात तशी, सहज. वच्छलाला एकदम आठवलं, की दिवाळीपासून आपल्या तोंडाला कोणी हात लावलेला नाही. आईनेसुद्धा नाही.

"दुखतं का गं फार?"

हे तर कोणीच विचारलं नव्हतं. सगळ्यांनी 'कसं दिसते' एवढंच पाहिलं होतं. तिच्या डोळ्यांतून टपकन पाणी आलं आणि गालावरच्या फोडाला झोंबलं.

"मी साबन लावतो, हळद लावतो, मुलतानी लावतो. तरी रक्तच खराब हाय माहं."

"कुणी सांगितलं? तुझं रक्त माझ्याइतकंच चांगलं आहे. या वयात अशा पुटकुळ्या होतात. काहींना जास्त होतात. त्यात तू काही वाईट केलेलं नसतं." बाई हे इतक्या रुक्षपणे म्हणाल्या, की ते खरंच असणार याची वच्छलाला खात्री पटली. "पण इतक्या? पोटात काही घेतेस?"

वच्छलाने वळून बाबांकडे पाहिलं.

"तोंडात तांब्याच्या पैशासारखी चव राहते? नाक सारखं गळतं?"

वच्छला थक्क झाली. मान हलवावी की हलवू नये? पण मान आपलीआपणच हलली.

"आयोडाइड," बाई स्वतःशीच म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा काढला. "रक्तशुद्धीचं म्हणून देतात. त्यानं पुटकुळ्या वाढतात. जितकं घ्यावं तितक्या वाढतात. कोणत्या गाढवानं दिलं हे?"

जानरावांचा हात टेबलाच्या कडेवर होता. वच्छलाने त्या हाताकडे पाहिलं. नखं स्वच्छ कापलेली, अंगठ्याला वाळलेली खळ. या हाताला गाव मानत होतं. तो हात हळूच टेबलावरून खाली गेला.

"एक वैदू आल्ता जी बजारात," वच्छला भडाभडा बोलली. "झाडपाल्यावाला. मीच घेतलं त्याच्यापासून. बाबाले तं माहीतच नव्हतं."

बाईंनी चष्मा परत चढवला. त्यांनी कागदावर लिहिलं. दिवसातून दोनदा कोमट पाणी आणि साधा साबण. रात्री गंधकाचं लोशन. फोडायचं नाही, दाबायचं नाही. ते मिक्चर आजपासून बंद. दोन-तीन महिन्यांत उतार पडेल. "काही डाग राहतील," त्या म्हणाल्या, "खोटं कशाला सांगू? आणि शाळेत जा उद्यापासून. परीक्षा तोंडानं देत नाहीत."

बाहेर पायरीवर येताच जानराव खाली बसले. रस्त्यात सायकली, टांगे, कापसाच्या गाड्या. आणि चिंचखेडचे डाक्तर पायरीवर, उन्हात.

"वैदू कोनता व?" त्यांनी विचारलं.

"असाच, बाबा."

"काहून खोटं बोल्ली?"

"मंग काय सांगू? बाई गाढव म्हने." तिचा आवाज चिरकला. "तुमाले गाढव म्हने थे!"

जानराव चपलेच्या अंगठ्याकडे पाहत म्हणाले, "तुह्या तोंडावर म्या सहा महिने माह्या हातानं..." मग एकदम वर पाहून म्हणाले, "अन् तू एकटी नाही व. पंजाबरावच्या बेबीले देऊन राहिलो. पुंजारामच्या सहदेवले. आनखीन दोघं हायत. मी त्याहिले म्हनलं, माह्या घरी बी हेच चालू हाय. संक्रांतीपासून तुले कोनी पाहेलच नव्हतं न, तं कोनाले समजन?"

ती मागच्या खोलीत बसली होती म्हणून चार घरं ते औषध विश्वासाने पीत होती.

"बाबा, गावात नका सांगू. गुपचूप दुसरं पानी भरून द्या बाटलीत. कोनाले समजत नाही." तिला सगळं दिसत होतं. त्या 'आ' करणाऱ्या माणसांचे चेहरे. शेवटी यांच्या हातचं असंच असायचं, असं पुटपुटणारे ओठ. सगळ्यांना चुका माफ होत्या. बाबांच्या घराण्याला नव्हत्या.

जानराव उठले, टोपी काढली आणि परत आत गेले. वच्छला दारातच थिजली.

"बाई, थो वैदू मी व्हय," तिला बाबांचा आवाज ऐकू आला. "कंपौंडर हाव मी. पोरगी खोटं बोल्ली."

तिला वाटलं, आता बाई म्हणतील, जाऊ द्या हो, चुका होतात. बाईंनी तसलं काही म्हटलं नाही.

"आणखी किती जणांना दिलंत?"

"चौघाले."

"आजच्या आज बंद करा. आणि बसा इथं. गंधकाचं लोशन कसं करायचं ते लिहून घ्या. आधी स्वतःच्या हातावर लावून बघा, मग दुसऱ्याला."

जानराव खुर्चीच्या कडेवर बसले आणि शाळेतल्या पोरासारखे वाकून लिहू लागले.

चिंचखेडला एस.टी.तून उतरले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. जानराव घराकडे वळलेच नाहीत.

"तू घरी जाय."

"मी येतो."

"जाय म्हनलं न!"

ती गेली नाही. वीस पावलं मागे ठेवून चालत राहिली.

पंजाबरावांच्या अंगणात त्यांची बायको पार्बताबाई तूर पाखडत होती. "या डाक्तर, या! बेबीचं औषध सरतच आल्तं. बसा न." बेबीला पुढच्या महिन्यात बघायला येणार होते, हे गावाला पाठ होतं.

जानराव बसले नाहीत. "थे औषध बंद करा, ताई. त्याच्यानं मुरमं वाढतात. मले माहीत नव्हतं. चूक झाली माही."

सूप थांबलं. पार्बताबाईंना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्या उभ्या राहिल्या. "म्हंजे माह्या पोट्टीचं तोंड तुमी खराब केलं म्हना!"

"हो."

"हो म्हंता वरून? पावने येऊन राहिले, अन् तुमी आता सांगता? माहीत नव्हतं तं द्याव काहून? आमी तुमच्या हातचं प्यालो न आंधळ्यावानी! इतकी वर्सं डाक्तर डाक्तर म्हनलं आमी तुमाले!"

जानराव मान खाली घालून उभे. शेजारच्या दोन बाया कुडापाशी येऊन उभ्या राहिल्या. आवाजाने बेबी दारात आली. तिच्या कपाळावर आणि गालांवर पंधरा-वीस लाल ठिपके होते.

वच्छलाचे पाय कधी हलले तिला कळलं नाही. ती फाटकातून सरळ आत आली आणि अंगणाच्या मधोमध, बाबांच्या शेजारी उभी राहिली. उतरतं ऊन थेट तिच्या तोंडावर येत होतं. सगळं दिसत होतं. गाठी, पू, खपल्या, काळे डाग, सगळं. कुडापाशी कोणीतरी "अव माय!" म्हणालं. लाजेने तिचे कान पेटले, पण मान तिने वरच ठेवली.

बेबी पाहतच राहिली. मग तिने हळूच विचारलं, "तुले बी हेच देल्लं व्हतं?"

"मले तं सगळ्यात पयले," वच्छला म्हणाली. "अन् सगळ्यात जास्त."

पार्बताबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. त्या वळून घरात गेल्या, बाटली घेऊन आल्या आणि त्यांनी ती अंगणातच उपडी केली. तपकिरी पाणी धुळीतून वाट काढत जानरावांच्या चपलेपर्यंत आलं, अंगठ्याखाली शिरलं.

जानरावांनी पाय मागे घेतला नाही. बाटली पुरती रिकामी होईतो ते तसेच उभे राहिले.