शेवट फसलेल्या कादंबरीची कैफियत

मित्रांनो, रद्दीच्या गठ्ठ्यात खालून तिसरी, पाठ उसवलेली दिसते ना, ती मी. मी एक कादंबरी आहे. तुमच्यासारख्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांसाठी मला लिहिलं. उद्या सकाळी गठ्ठा उचलायला माणूस येणार आहे, म्हणून आजच सगळं सांगून टाकते.

माझ्यात एक गाव आहे. तिथे प्रत्येक घराच्या दारावर एक घंटा टांगलेली असते. घरात कोणी खोटं बोललं की ती आपोआप वाजते. एके दिवशी या घंटा ओतणाऱ्या कारागिराचा खून होतो. गावातला एकेक माणूस आपल्या दारात उभा राहून सांगतो, ‘मी मारलं नाही.’ आणि एकही घंटा वाजत नाही. कारागिराची सोळा वर्षांची मुलगी खुन्याचा शोध घ्यायला निघते. ही सुरुवात वाचून भल्याभल्यांनी हातातली कामं टाकली आहेत. एवढा अभिमान मला आजही आहे.

पण माझा शेवट फसला आहे. एकतिसाव्या प्रकरणात कुठूनशी एक म्हातारी येते, मुलीला ‘आठवणीचं पाणी’ पाजते आणि मुलीला खुनी लख्ख दिसतो. त्या पाण्याबद्दल आधीच्या तीस प्रकरणांत एक अक्षर नाही. जादूच्या गोष्टीत काहीही चालतं, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. जादूलाही नियम असतात आणि खुनी शोधायचा असेल तर ते वाचणाऱ्याला आधी सांगावे लागतात. नाहीतर तो बिचारा तीनशे पानं डोकं खाजवतो आणि शेवटी त्याला कळतं, की आपल्याला खेळात घेतलंच नव्हतं.

छापखान्यात मला शिवताना बाइंडर शेजारच्याला म्हणाला, “कव्हर बघ, एक नंबर.”

“आणि आत काय आहे?”

“आत बघायला वेळ कुणाला आहे?”

माझं पुढचं आयुष्य कसं जाणार, हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. वर्तमानपत्रातल्या परीक्षकाने माझी पहिली दोन प्रकरणं वाचली आणि भरभरून स्तुती लिहिली. बाकीची पानं त्याने उघडलीसुद्धा नाहीत.

मग मी मुलांच्या एका वाचनालयात आले. खाली शिंप्याचं दुकान, वर वाचनालय. तिथल्या ग्रंथपाल बाईंचा एक नियम होता. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी त्या दोन रकान्यांचा कागद चिकटवायच्या. एका रकान्यात ‘काय आवडलं’, दुसऱ्यात ‘काय खटकलं’. दोन्ही भरल्याशिवाय पुढचं पुस्तक मिळायचं नाही. नियम सोन्यासारखा होता. मुलं मात्र पहिल्यात ‘छान’ आणि दुसऱ्यात ‘काही नाही’ लिहून मोकळी व्हायची. माझ्या कागदावर असे सतरा ‘छान’ होते. त्यातले किती जण शेवटापर्यंत पोहोचले, ते मला ठाऊक आहे. तिघं.

अठरावी आली ती खालच्या शिंप्याची भाची. सगळे तिला चष्मेवाली म्हणायचे. ती मला मामाच्या दुकानात, कापड बेतायच्या टेबलाखाली बसून वाचायची. माझ्या बाराव्या प्रकरणात कारागिराच्या मुलीची धाकटी बहीण घंटेत चिंध्या कोंबते, कारण तिला ताईला सांगायचं असतं, ‘मला भीती वाटत नाही.’ ते वाचताना चष्मेवालीच्या पुढ्यातलं ताट तसंच राहिलं.

“काय गं, जेवत का नाहीस?” मामांनी विचारलं.

“तिने घंटेत चिंध्या कोंबल्या, मामा.”

“कुणी?”

“पुस्तकातल्या धाकटीने.”

“बरं, तिचं तिची आई बघेल. तू पोळी संपव.”

“तिला आई नाहीये.”

मामांनी मशीनचं चाक हाताने थांबवलं. त्यांच्या भाचीलाही आई नव्हती.

तिसऱ्या दिवशी तिने मला संपवलं, कपाळाला आठी घातली आणि पेन्सिल घेऊन परत पहिल्या पानापासून वाचायला बसली. ती ते पाणी शोधत होती. मित्रांनो, त्या वेळी मला किती लाज वाटली म्हणून सांगू! पहिल्या रकान्यात तिने लिहिलं, ‘बारावं प्रकरण. माझं जेवण राहिलं.’ दुसऱ्यात लिहिलं, ‘पाणी आधी कुठेच नाही. मी दोनदा शोधलं. ही फसवणूक आहे. चिंध्या कोंबल्या की घंटा वाजत नाही, हे आपल्याला माहीत होतं. खुनी त्यावरूनच सापडायला हवा होता.’

इतकं साधं होतं. माझा शेवट माझ्याच बाराव्या प्रकरणात पडून होता आणि तो एका चौदा वर्षांच्या मुलीला दिसला.

त्याच आठवड्यात माझ्या लेखिकेचं पत्र आलं. ती दुसरा भाग लिहायला घेणार होती आणि त्याआधी तिला इथे येऊन मुलांची मतं वाचायची होती. बाईंनी घाईघाईने मला उघडलं आणि अठरावं मत वाचून त्यांचा चेहरा पडला. त्यांनी चष्मेवालीला बोलावून घेतलं.

“हे काय लिहून ठेवलंयस? ‘फसवणूक’ म्हणे. त्या एवढ्या लांबून येणार, त्यांना हे दाखवू?”

“तुमचाच नियम आहे ना बाई, दोन्ही रकाने भरायचे.”

“नियम रोजचे असतात, पाहुण्यांसमोरचे नसतात.”

त्यांनी जुन्या कागदावर डिंक लावून नवा कोरा कागद डकवला आणि चार शहाण्या मुलांकडून त्यावर गोड गोड लिहून घेतलं.

लेखिका आली. थकलेली, साधी बाई होती. तिने तो कागद वाचला, हसली नाही. मुलांवरून नजर फिरवली आणि चष्मेवालीच्या हातातली पेन्सिल बघून थांबली.

“तू वाचलंस?”

“दोनदा.”

“मग खरं सांग. शेवट कसा वाटला? माझ्या मनाला काही तो पटत नाही.”

चष्मेवालीने वर पाहिलं. लेखिकेच्या खुर्चीमागे बाई उभ्या होत्या. त्यांच्या हातात तिचं वाचनालयाचं कार्ड होतं आणि त्या ते बोटांत फिरवत होत्या.

“छान आहे,” चष्मेवाली म्हणाली.

माझ्यातल्या गावात असती तर घंटा वाजली असती. इथे फक्त खालच्या मशीनचा आवाज येत होता.

“असं?” लेखिका म्हणाली. “मग उगीच काळजी करत होते.” तिने मला मिटलं.

दुसऱ्या भागातला खूनही पाण्यानेच उलगडला. या वेळी तर सगळ्याच मुलांनी पुस्तक अर्ध्यात टाकलं. तिसरा भाग निघाला नाही. लेखिकेने नंतर काही लिहिलं असेल तर ते माझ्या कपाटापर्यंत आलं नाही. चष्मेवालीने त्या दिवशी कार्ड घेतलं, पण पुस्तक नेलं नाही. नंतर ती जिन्यावर कधी दिसलीच नाही.

बरीच वर्षं गेली. आज कपाटं आवरताना बाईंनी मला उघडलं. डिंक वाळून वरचा कागद सुटला होता. खालचं पेन्सिलीचं अक्षर त्यांनी वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग तो कागद हळूच, एक कोपराही न फाडता, सोडवला आणि आपल्या पर्समध्ये ठेवला. मला गठ्ठ्यात घातलं आणि सुतळी आवळली.

मित्रांनो, आम्हाला कव्हर घाला, पानं दुमडू नका, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी वेगळं मागते. आम्हाला शेवटपर्यंत वाचा आणि आमचं काय चुकलं ते तोंडावर सांगा. पान फाटलं तर चिकटवता येतं. त्या दिवशी तो दुसरा रकाना कुणी झाकला नसता, तर माझ्या धाकट्या बहिणीचा, म्हणजे दुसऱ्या भागाचा, शेवट तरी चांगला झाला असता.