सोनाराच्या दुकानातली लाल टाकी

मित्रांनो, भंगाराच्या वखारीत आडवी पडलेली ही गंजकी लाल गॅसची टाकी म्हणजे मी. पोलादाचा पत्रा वाकवून मला घडवलं. पोटात प्रोपेन आणि ब्युटेन हे वायू दाबून द्रवरूपात भरले. पुढे कितीतरी घरांत राहिले; पण सांगावंसं वाटतं ते जळगावच्या गिरधर सोनाराचं.

सत्त्याऐंशी साली त्याचा मेहुणा लोटन मला धुळ्याहून टेम्पोतून घेऊन आला. सोबत पायाने दाबायचा भाता आणि ज्योतीची नळी होती.

"भाऊजी, आता कोळसा नको, फुंकणी नको," लोटन म्हणाला.

"हाई लोखंड माले नको," गिरधर म्हणाला. "घरात स्फोट झाला म्हणजे? अन् फुंकर तर माझी कारागिरी शे."

मी सीलबंदच कोपऱ्यात उभी राहिले. पुढे दुकान, मागे पडद्याआड संसार. शेगडीत दिवसभर कोळसा धुमसायचा. शेजारी त्याची बायको कुंदाबाई पोत ओवत बसायची आणि खोकायची. गिरधरला त्या आवाजाची सवय झाली होती.

एके दिवशी तिला धाप लागली. दवाखान्यातून परतल्यावर गिरधर उंबऱ्यावरच बसला.

"काय झालं?" शेजारच्या पितांबरने विचारलं.

"डॉक्टर म्हणे, बाई विडी ओढतात का? मी भडकलो. माझी बायको अन् विडी? तर म्हणे, मग घरात काय जळतं?"

"मग?"

"मग काय, कोळसा. माझ्याच शेगडीतला."

त्याच दिवशी त्याने लोटनला निरोप धाडला. लोटनने येऊन नळी जोडली. ज्योत निळी, टोकदार निघाली. पण तिचा अंदाज नसल्याने पहिल्याच अंगठीचा कोपरा वितळला. गिरधर चरफडला नाही. ती अंगठी त्याने पुन्हा घडवली. हळूहळू पायाला भात्याची लय सापडली. सोनाराची ज्योत ती केवढीशी! त्यामुळे मी त्याच्याकडे खूप महिने टिकले. दिवाळीला भिंतींना दिलेला चुना होळीपर्यंत पांढराच राहिला.

"खोकला कमी शे ना?" तो रोज विचारायचा.

"शे ना," ती म्हणायची. खरंच कमी होता, पण माळ्याचा जिना चढताना ती अजून मध्येच थांबायची. वर्षानुवर्षं छातीत साचलेला धूर मला काढता आला नाही.

मित्रांनो, माझी फार स्तुती करू नका. मीही जमिनीच्या पोटातल्या तेला-वायूतूनच येते. माझा धूर दिसत नाही, तरी जळताना मी हवा तापवणारा कार्बन डायऑक्साइड वायू सोडतेच. गळाले तर हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते. म्हणून मला लागेल तेवढंच जाळा, खिडकी उघडी ठेवा, काम झालं की खटका बंद करा. आणि घरात कोणी खोकत असेल, तर सवय होण्याआधी ऐका.