कचरूचा बेलभंडार

शेवगावच्या अलीकडं एका गावात, खंडोबाच्या देवळापुढं, भरदुपारी भिमाजीला लिंबाला बांधून झोडपत होते. आरोप काय, तर रविवारी आबासाहेबांच्या विहिरीवरली पाण्याची मोटार यानंच चोरली. गावचे कारभारी असलेले आबासाहेब पारावर बसलेले, काठी त्यांच्या पुतण्याच्या, कानिफनाथाच्या हातात. भिमाजीचा एक डोळा पार मिटला होता. हनुवटीवरनं रक्त गळत होतं.

भिमाजीचा दोस्त कचरू धापा टाकत आला. "आबासाहेब, थांबवा! रविवारी त्यो दिसभर बाजारात माझ्यासंगं हुता."

"मग उचल बेलभंडार," आबासाहेब म्हणाले.

गावाचा न्याय हाच. खंडोबापुढला बेल नि भंडारा तळहातावर घेऊन बोललं, की कुणी शंका काढायची नाही. भिमाजीनं सकाळीच उचलला होता, पण चोरीचा आळ असलेल्याची शपथ एकट्याची धरत नसत, साक्षीदारानंही उचलावा लागे. घोडं अडलं ते इथंच. छप्पन साली कचरूच्या बापानं बौद्ध होऊन देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले होते नि दहा वर्षांच्या कचरूकडनं वचन घेतलं होतं, की ह्या देवांफुडं पुन्हा हात पसरायचा न्हाई. सदतीस वर्षं त्यानं ते पाळलं. अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

"मी पंचशील पाळतो. खोटं बोलत न्हाई. माझा शबूद घ्या."

"तुझं शील तुझ्या घरी. हाण रे."

कडकन आवाज आला, तो काठीचा नव्हता. भिमाजी ओरडलासुद्धा नाही, धोतरातच मुतला.

कचरू पुढं झाला. जळो मेलं ते वचन! माणूस मरतोय नि आपण हात जपत बसलोय? मनातल्या मनात बापाची माफी मागून त्यानं भंडारा तळहातावर घेतला, वर बेल ठेवला. "घेतो शपत! भिमाजी माझ्यासंगंच हुता!" बोलता बोलता रडूच फुटलं त्याला.

आबासाहेबांनी त्या पिवळ्या हाताकडं शांतपणे पाहिलं. "बापाला दिलेला शबूद ज्यानं मोडला, त्याच्या शपतीवर कोन इस्वास ठिवनार? हाण."

आता काय म्हणावं ह्या माणसाला! कचरूनं भंडारा कानिफनाथाच्या डोळ्यांत फेकला नि धावत जाऊन भिमाजीला मिठी मारली. डोळे चोळून कानिफनाथानं पुन्हा काठी उगारली, ती आता कचरूच्या पाठीत बसू लागली. तिसऱ्या फटक्याला खांदा निखळला.

"मी खरंच बोललो ना रं, भिमा?" त्यानं कानाशी विचारलं.

"व्हय," भिमाजी पुटपुटला. मग त्यानं मान कचरूच्या खांद्यावर टाकली, ती पुन्हा उचलली नाही. काठी चालूच होती.