पिंजऱ्यातल्या पट्टेवाल्याचा रंग

गैबीसाब कृष्णधवल फोटोंना हातानं रंग भरायचे. सोलापुरातल्या त्यांच्या स्टुडिओनं कित्येक नवरीमुलींना हिरवे शालू नेसवले होते, कित्येक मयत आजोबांना गुलाबी फेटे बांधले होते. कॉम्प्युटर आला तसे ब्रश डब्यात गेले. आता स्टुडिओ त्यांची मुलगी नाजनीन चालवायची आणि ते दारातल्या खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे सलाम घ्यायचे.

एका दुपारी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी अंकिता एक जुना फोटो घेऊन आली. पिंजऱ्यात एक जनावर उभं होतं. तोंड कुत्र्याचं, पाठीवर वाघासारखे पट्टे, शेपूट काठीसारखं ताठ.

“टास्मानियाचा वाघ, चाचा. तिकडं ऑस्ट्रेलियाच्या बेटावरचा. मेंढ्या खातो म्हणून लोकांनी मारून मारून संपवला. शेवटचा १९३६ साली प्राणिसंग्रहालयात मेला. आमच्या प्रदर्शनासाठी रंगीत हवाय.”

नाजनीननं कॉम्प्युटरवर रंग चढवून बघितला, तर वाघाचं गल्लीतलं भटकं कुत्रं झालं. अंकिताला हसू आवरेना. “चाचा, तुम्हीच भरा की!”

गैबीसाबांचा चेहरा उजळला. पण लगेच ते अडखळले. “मयताचा फोटो आला की मी घरच्यांना इचारायचो, फेटा कसला होता, डोळे घारे होते का. ह्याच्या घरचं कोण हाय?”

“कुणीच उरलं नाही.” तिनं मोबाइलवर संग्रहालयांतली ह्याच जातीची पेंढा भरलेली जनावरं दाखवली. एक वाळल्या कडब्यासारखं, दुसरं चांगलं तपकिरी. “काचेमागं उजेडात राहिलेलं विटलं. हे अंधारात होतं, म्हणून गडद. बघणाऱ्यांनी लिहिलंय, पिवळसर तपकिरी अंग, काळपट पट्टे.”

“रंग कळला. पण जित्या अंगावर ऊन कसं पडतं, ते कुटं बघायचं?”

रविवारी अंकिता बापलेकीला लांडगे बघायला जवळच्या नान्नज अभयारण्याच्या माळावर घेऊन गेली. उन्हं कलताना गवतातून एक लांडगा निघाला, थबकला, त्यांच्याकडं बघून निवांत चालता झाला. पाठीवरचे केस सोनेरी झाले होते, पोटाखाली राखाडी सावली होती. गैबीसाब श्वास रोखून बघत राहिले.

“हा त्याचा कोण लागतो?”

“कुणीच नाही, चाचा. नुसती चेहरेपट्टी जुळते.”

“असू दे. दोघंबी मेंढ्यांपायी बदनाम.”

हात थरथरल्यामुळं पहिली प्रत बिघडली. दुसरीला त्यांनी कोपर उशीवर टेकवलं आणि हळूहळू ऊन पाठीवर आणलं.

प्रदर्शनात एक बाई त्या फोटोपुढं खिळून राहिली. “हा कुठं बघायला मिळतो? पोरांना दाखवायचाय.”

“हितंच,” गैबीसाब म्हणाले. “एवढाच हाय.” बाईनं मग पोरांना हाका मारल्या.

दुसऱ्या दिवशी नाजनीननं कॉम्प्युटर बंद केला आणि त्यांच्याजवळ स्टूल ओढलं.

“अब्बा, मला शिकवा.” त्यांनी एका नवरीचा जुना कृष्णधवल फोटो पुढं ठेवला आणि तिनं ब्रश रंगात बुडवला.

“लई रंग घेतलास! शालू रंगवतीस का घर?” ते ओरडले, आणि हसत तिच्या ब्रशाखाली फडकं धरलं.