वीस पिंपांची झडती

मुदतवाढीचं पत्र आलं तेव्हा कारखान्यात सगळे खूश झाले. मालकीणबाईंच्या मनात मात्र पाल चुकचुकली.

बुटांचे तळवे ओतायचं रसायन परदेशातून बिनकराचं आणायचं आणि त्याचे तळवे ठरल्या तारखेच्या आत परदेशी पाठवायचे, असा तो परवाना. तारीख चुकली की माफ झालेला सगळा कर व्याजासकट भरा, म्हणजे कारखान्याला टाळंच. गिऱ्हाइकाला माल हवा होता चार महिन्यांनी आणि तारीख होती याच महिन्याची. आता सहा महिने वाढवून मिळाले. पण त्यासाठीचा अर्ज धाकट्या दिरानं दोन महिन्यांपूर्वीच केला होता, बाईंना न सांगता.

"मला का नाही सांगितलंत, भावोजी?"

"उगाच जिवाला घोर कशाला, वहिनी? मिळेल याची खात्री नव्हती."

इतका कळवळा! नवरा गेल्यापासून बाईंना कळवळ्याची धास्तीच होती. एका मामेभावानं कळवळा दाखवत दाखवत त्यांची दोन यंत्रं परस्पर विकून खाल्ली होती. त्यात हा दीर गोदामाची किल्ली कुणाला देत नसे, "तिकडं कुणाचं काय काम?" एवढंच म्हणे. पाणी कुठंतरी मुरत होतं. रसायन बाजारात विकून पिंपांत भलतंच काही भरून ठेवलं असेल, तर सहा महिन्यांनी हा नामानिराळा राहणार. परवान्यावर सही बाईंची.

रविवारी कारखाना बंद असताना नवऱ्याच्या जुन्या जुडग्यातली किल्ली घेऊन त्या गोदामात शिरल्या. चांगला माल पुढे आणि फसवा मागे मांडायची रीत त्यांना ठाऊक होती, म्हणून वीसपैकी एकही पिंप सोडलं नाही. पान्यानं सील तोडायचं, झाकण काढायचं, लांब सळई बुडवून बघायची. विसावं पिंपही काठोकाठ निघालं, तसंच दाट आणि तपकिरी. बाईंना हायसं वाटलं, आणि स्वतःची लाजही वाटली. झाकणं घट्ट लावून त्या घरी गेल्या, दिराला सहकुटुंब जेवायला बोलवायचं ठरवून.

सोमवारी दीर गोदामातून थेट त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

"वहिनी, सीलं कुणी तोडली?"

"मी. बघितलं सगळं. माल जागेवर आहे."

तो खुर्चीत बसला. "होता. सील तुटलं की झाकण कितीही घट्ट लावा, हवेतला ओलावा लागतोच. पंधरा दिवसांत दगड होतो त्याचा. म्हणून तर कुणाला आत जाऊ देत नव्हतो."

"मग आजच ओतायला घेऊ."

"कशात? साचे गिऱ्हाइकाकडून यायचेत, तीन महिन्यांनी."

सहा महिने सरकारनं दिले होते आणि ते बाईंनी एका दुपारीत घालवले होते.

"एका शब्दानं विचारायचं होतंत," दीर म्हणाला. "मी सांगितलं असतं."

निदान आता तरी खोटं बोलायला नको, असं बाईंना वाटलं.

"तुम्ही सांगितलं असतंत, भावोजी," त्या म्हणाल्या, "आणि मी तरीही उघडून बघितलं असतं."