मुद्देश्वरांच्या पोटावरची गाय

चार पाय.

इंजिनाला पाणी पाजणारा नळ.

उन्हातून निघालेली मुंगळ्यांची रांग.

दोन शिंगे.

ओम् प्रास्ताविकाय नमः! ओम् उपसंहाराय फट्!

यातली शेवटची ओळ मुद्देश्वर महाराजांची. ते राहू गावात पोपटरावांच्या गुऱ्हाळावर उघड्या पोटानं बसले होते. पोट भलं मोठं, काळंभोर, तुकतुकीत. सातवीची फायनल तोंडावर आलेली, त्यामुळे सगळा गाव नारळ घेऊन लोटला होता. निबंधात काय लिहावं हे पोरांना सुचत नसे. महाराजांना सगळं वरून सुचे. विषय सांगायचा, महाराज पोटावर चुलीतली राख फुंकायचे आणि पोटावर चक्क मुद्दे उमटायचे!

फरीदा आई खातूनचा पदर धरून पुढं सरकली. तिचे अब्बा दौंडच्या इंजिन शेडमध्ये कामाला. त्यांनी बजावलं होतं, पास झालीस तर दौंडच्या हायस्कुलात घालीन, नाहीतर घरी बसून शेळ्या राख. फरीदाला शेळ्या आवडत नव्हत्या. शेळ्यांनाही ती आवडत नव्हती.

"विषय?" महाराज गरजले.

"आगगाडी."

"ओम् प्रास्ताविकाय नमः! फूऽऽ!"

पोटावर उमटलं: चार पाय. दोन शिंगे. दूध. शेपटी.

"आगगाडीला शिंगं?" फरीदा म्हणाली.

"आगं, अर्थ काढावा लागतो," पोपटराव पुढं झाले. "पाय म्हंजी चाकं. शिंगं म्हंजी शिट्ट्या. दूध म्हंजी वाफ."

"आन् शेपटी?"

"गार्डाचा डबा! कसं चपखल हाय बघा!"

गर्दीनं टाळ्या पिटल्या. खातूननं नारळ ठेवला.

दुसऱ्या दिवशी शाळेत तुळजाबाईंनी सरावाला निबंध लिहायला सांगितला. ज्याला जो हवा तो विषय. फरीदानं लिहिलं, 'आगगाडी हा पाळीव प्राणी आहे. ती सकाळ-संध्याकाळ दूध देते.' शेजारच्या नकुशीनं लिहिलं, 'माझे वडील. त्यांना दोन शिंगे व एक शेपटी आहे.'

बाईंनी वह्या मिटल्या. "चला. मला त्या पोटाला भेटायचंय."

गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळत होता. खातूनसकट सगळा गाव बाईंच्या मागोमाग तिथं जमला. महाराज डोळे मिटून बसलेले, राख फुंकायची अजून बाकी. फरीदा पोटाजवळ वाकली आणि थबकली. काहिलीकडून आलेली मुंगळ्यांची रांग महाराजांच्या मांडीवरून पोटावर चढत होती आणि तिथं गोल गोल वळत होती.

"बाई! मुंगळं शेपटी लिव्हत्यात!"

"आई आई गं!" महाराज उडाले. एका मुंगळ्यानं बेंबीशेजारी कडकडून चावा घेतला होता.

फरीदानं पोटावर बोट फिरवलं आणि चाटलं. "काकवी हाय!"

"थुक आधी! त्यानं आंघोळ तरी केलीय का!" खातून ओरडली.

तुळजाबाईंनी काकवीत थोडं पाणी घातलं, काडी बुडवली आणि पोपटराव नको नको म्हणत असतानाच त्यांच्या टकलावर काहीतरी लिहिलं. वाळल्यावर काहीच दिसेना. मग त्यांनी राख फुंकली. टकलावर ठळक अक्षरं आली: विचार करा.

पोपटरावांना ती वाचता येईनात, म्हणून गावानं एका सुरात वाचून दाखवली.

"कोरड्या कातडीवरची राख उडून जाते, चिकट जागी बसते. एवढाच चमत्कार," बाई म्हणाल्या. "फरीदा, डोळे मीट. आगगाडी म्हटल्यावर तुला काय आठवतं?"

"काय बी न्हाई."

"थांब थोडी."

फरीदा थांबली. "अब्बांच्या सदऱ्याला कोळशाचा वास येतो... दौंडला नळाखाली इंजिन पाणी पितं, म्हशीवानी... आन् शिट्टी झाली की अम्मा पळत सुटती, गाडी दुसरीच असती."

"आगं, एकदाच पळाले व्हते!" खातून म्हणाली.

"झाले की मुद्दे," बाई हसल्या. "आधी असं आठवायचं. मग कुठला आधी, कुठला मागून ते ठरवायचं. मग लिहायचं. हे ज्याचं त्याच्या डोक्यात असतं, दुसऱ्याच्या पोटावर नसतं. आणि डोक्याला नारळ लागत नाही."

खातूननं आपला नारळ उचलून घेतला.

फायनलला विषय आला, 'आमच्या गावचा बाजार'. फरीदानं डोळे मिटले. देखरेखीवरच्या मास्तरांना वाटलं, पोरगी झोपली.

जूनमध्ये ती दौंडच्या हायस्कुलात गेली. शेळ्यांनाही बरं वाटलं.

मुद्देश्वर महाराज तिसरीत असताना 'गाय' या निबंधात वर्गात पहिले आले होते.